पणजोबांचा माग: कोतवाल बुक ते फेरफार

प्रश्न असा आला आहे: "माझ्या चुलतभावाची बायको इंग्लंडची. दफनाच्या नोंदी आणि जनगणनेचे कागद पाहून तिनं घरबसल्या सात पिढ्या काढल्या. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आजोबांच्या वडिलांचं नुसतं नाव माहीत आहे, पुढे काहीच नाही. आम्हाला असं काही करता येईल का? सुरुवात कुठून करू?"

करता येईल, पण घरबसल्या नाही आणि त्या दोन कागदांवरून तर नाहीच. गेली पंचवीसेक वर्षं मी मोडी वाचून लोकांच्या वंशावळी जुळवतो आहे. जमीन असलेल्या शेतकरी घराच्या चार-पाच पिढ्या कागदावर निघतात, असा माझा अनुभव आहे. सात निघाल्या तर नशीब.

आधी जनगणनेचं सांगतो, कारण तिथे लोक उगाच वेळ घालवतात. आपल्याकडे पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली. पण छापून आले ते आकड्यांचे तक्ते: गावात घरं किती, माणसं किती, कोणत्या जातीची किती. नावानिशी भरलेली पत्रकं आपल्याला पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या नोंदी तपासायला खुल्या नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ब्रिटनमध्ये शंभर वर्षं उलटली की नावांसकट सगळं खुलं होतं. तिथली १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत लोकांना मिळाली. तुमच्या वहिनींचं काम सोपं झालं ते त्यामुळे. माहितीच्या अधिकारात अर्ज करून जनगणनेतलं पणजोबांचं नाव मागू नका, उत्तर काय येणार ते मी आत्ताच सांगितलं.

एक अपवाद आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गावोगाव घरटी माणसांची यादी करून 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' तयार केलं होतं. आसाममुळे त्याचं नाव सगळ्यांना माहीत झालं, पण ते आपल्याकडेही झालं होतं. काही तहसिलींच्या अभिलेख कक्षात ते आजही सापडतं. मिळालं तर एका घरातली सगळी माणसं एका ठिकाणी दिसतात, म्हाताऱ्यांसकट. विचारून पाहायला हरकत नाही.

दफनाचं म्हणाल तर ज्यांच्याकडे पुरण्याची रीत आहे त्यांनाही सगळ्यांना त्याचा उपयोग होत नाही. वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांचं बरं आहे. चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही नोंदी असतात आणि एका नोंदीवरून दुसरीकडे जाता येतं. रायगडातल्या बेने इस्रायली दफनभूमींत मराठी आणि हिब्रू अक्षरं कोरलेले दगड आहेत. मुसलमान कब्रस्तानात बहुतेक कबरी बिननावाच्या, आणि काही वर्षांनी त्याच जागी दुसरी कबर. लिंगायत समाजात दफन होतं, पण शेतातल्या समाधीवर नाव क्वचित असतं. ती कुणाची हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक. बाकी आपण माणूस जाळतो, अस्थी नदीत सोडतो आणि मागे दगड ठेवत नाही.

मात्र मेलेल्या माणसाची जमीन मागे राहते. ती कुणाच्या तरी नावावर चढावी लागते, आणि ती चढवताना सरकारला लिहावं लागतं की हा मेला, आणि हे त्याचे वारस. आपल्याकडचं थडगं म्हणजे हा फेरफार. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की माणूस शोधू नका, जमीन शोधा. माणूस तिच्या मागोमाग येतो.

गावातल्या तुमच्या भावकीपैकी कुणाचाही आजचा सातबारा काढा. जमीन तुमच्या नावावर असायला हवी असं नाही, चुलत चुलत्याची चालेल. खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर तो वर्तुळात घातलेला दिसतो. कमी झालेली नावं कंसात असतात. कंसातलं नाव म्हणजे बहुधा मेलेला किंवा विकून मोकळा झालेला माणूस. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मागवा. त्यात मजकूर साधारण असा असतो: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यांस वारस मुलगे अमुक आणि तमुक, पत्नी अमुक, वर्दीवरून नोंद. झाली एक पायरी. आता त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली, त्याचा आणखी जुना फेरफार. असं मागे मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे तुमच्या भागात ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत नेता येते. त्यामागे सर्व्हेचे कागद आहेत. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ साली इंदापुरातून सर्व्हे सुरू केला आणि पुढच्या काही दशकांत तो इलाखाभर झाला. त्या वेळच्या शेतवार पत्रकांत त्या-त्या नंबरचा खातेदार लिहिलेला सापडतो. भूमी अभिलेख कार्यालयात ते मागा.

जुन्या फेरफारांत दोन फसव्या गोष्टी असतात. एक, फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारसनोंद करायला लोक वर्षानुवर्षं जात नसत. सोसायटीचं कर्ज हवं झालं किंवा भावांत वाटणी निघाली की मग तलाठ्याकडे धाव. बाप मेल्यावर पंधरा-वीस वर्षांनी झालेल्या नोंदी मी ढिगानं पाहिल्या आहेत. दोन, 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरं दिसली तर तिथे थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं दिसतंय, पण त्याच्यामागे तीन-चार भाऊ उभे आहेत. तुमचे पणजोबा कदाचित त्या न लिहिलेल्या भावांपैकी असतील. लोक इथे चुकतात आणि चुलत पणजोबाला स्वतःचा पणजोबा करून बसतात. मीही एकदा केलं होतं. तीन पिढ्यांचा वृक्ष रंगीत छापून झाल्यावर त्या घरच्या आत्याबाईंनी एका वाक्यात तो पाडला: "अरे, त्याला तर मूलच नव्हतं."

आता कोतवाल बुक. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. गावकामगार ती ठेवत, नंतर तालुक्याला जमा होई. तुम्ही विचारता त्या दफनाच्या नोंदीच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे काही असेल तर हे. तुमच्या जिल्ह्यात बहुतेक बुकं मोडीत आहेत, साधारण १९५० पर्यंत, पुढे बाळबोध, म्हणजे देवनागरी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतात.

या बुकातलं एक पान डोळ्यांसमोर आणा. लांबट, पिवळं, कडा खाल्लेलं. मृत्यूच्या बाजूला तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, रोग. समजा लिहिलं आहे 'रामा बिन गोंदा, वय ५०, ताप'. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. मराठवाड्या-विदर्भात त्याच जागी 'वल्द' दिसेल. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, आणि जुन्या कागदांत आडनाव शोधत बसणं हा वेळेचा मोठा अपव्यय आहे. आडनाव घट्ट झालं ते शाळेमुळे आणि नोकरीमुळे. त्याआधी माणूस ओळखला जाई तो स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव या चार खुंट्यांवर. वय ३०, ४०, ५०, ६० असं गोल असतं, त्यावरून जन्मसाल काढून कागदावर पक्कं लिहू नका. 'ताप' हा शब्द निम्म्या गावाचं मरण सांगतो, त्याचाही फार अर्थ लावू नका. पण 'पटकी' (कॉलरा), 'देवी', 'प्लेग' दिसलं की मागची-पुढची दोन पानं अवश्य चाळा, कारण एका घरातली माणसं पाठोपाठ गेलेली असतात. १९१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावरची पानं, म्हणजे मानमोडीची (इन्फ्लुएन्झाच्या साथीची), तर वेगळीच असतात. एका गावाच्या बुकात मला एरवी वर्षाला दोन-तीन पानं लागलेली दिसली आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओळीनं पानंच्या पानं. मध्येच अक्षर बदललेलं. का बदललं, ते बुकात लिहिलेलं नाही.

जन्माच्या बाजूला वेगळी अडचण. जन्म झाला तेव्हा बारसं व्हायचं असतं, म्हणून मुलाचं नाव नसतं. 'रामा बिन गोंदा यास मुलगा' एवढंच. हा मुलगा कोणता, हे शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जुळवावं लागतं. शाळेतली जन्मतारीखही जपून घ्या: १ जून दिसली तर ती मास्तरांनी दिलेली आहे असं खुशाल धरा.

नावांच्या पुनरावृत्तीबद्दलही सांगायला हवं. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. त्यामुळे गोंदाचा रामा, रामाचा गोंदा, पुन्हा गोंदाचा रामा, असं शंभर वर्षं चालतं. 'रामा बिन गोंदा' तीनदा सापडला तर तो एकच माणूस नसतो, कधी कधी ते सख्खे आजोबा-नातू असतात. बापाचं नाव नसलेला नुसता 'रामा' दिसला तर तो दोन चुलत भावांपैकी कुठलाही असू शकतो, कारण दोघांनीही त्याच आजोबांचं नाव उचललेलं. अशा वेळी गट किंवा सर्व्हे नंबर उपयोगी पडतो. नाव दोघांचं सारखं, पण शेत एकच नसतं. बायकोचं नाव मिळालं तर आणखी बरं. म्हणून मी प्रत्येक माणसापुढे त्याचा सर्व्हे नंबर लिहितो, वंशवृक्षात शोभत नसला तरी.

बायकांचा माग सगळ्यात अवघड. माहेरच्या बुकात ती 'मुलगी', सासरच्या बुकात 'सखू कोम रामा', आणि दोहोंना जोडणारा कागद नाही. इथे एक युक्ती आहे जी मी प्रत्येकाला सांगतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून लिहिल्या जाऊ लागल्या. तेव्हापासूनच्या फेरफारांत लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं आणि पुष्कळदा सासरची गावंही असतात, हक्कसोड लिहून दिली असली तरी. त्यामुळे आजीचं माहेर माहीत असेल तर आजीच्या वडिलांच्या वारसाचा फेरफार काढा. आजी, तिच्या बहिणी आणि त्या कुठे दिल्या होत्या हे एका कागदावर मिळतं. कधी कधी पणजीसुद्धा.

मोडीबद्दल लोक घाबरतात. उगाच. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक लेखकाची लकब वेगळी. पण कोतवाल बुकाला लागणारे शब्द शंभरसुद्धा नाहीत. अंक, महिने, जातींची नावं, रोगांची नावं, 'बिन', 'कोम' आणि तुमच्या गावात चालणारी वीस-पंचवीस नावं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे शिकून महिनाभर हात बसवलात तर स्वतःच्या गावाचं बुक स्वतः वाचाल. पत्रव्यवहार, करीने, कैफियती (लोकांनी लिहून दिलेल्या हकिकती) वाचायला वर्षं लागतात. ते जाणत्याकडून वाचून घ्या. आणि वाचून देणाऱ्याला तुमच्या पणजोबांचं नाव आधी सांगू नका. नाव कळलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, माझ्यासुद्धा.

तारखांचं थोडं गणित लागतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन. फसलीत, म्हणजे महसुली सालात, ५९०; म्हणून फसली १३३३ हे १९२३-२४ च्या आसपासचं. मराठ्यांच्या काळातल्या कागदात शुहूर सन असेल, त्यात ५९९ किंवा ६००. घरातल्या श्राद्धाची तिथीही कामाला येते, पण नीट विचारा. वर्षश्राद्धाची तिथी असेल तर महिना आणि तिथी दोन्ही खरी. पितृपक्षातली असेल तर तिथी खरी, महिना मात्र सगळ्यांचा भाद्रपदच. आणि 'पणजीची नवमी' असं कुणी सांगितलं तर त्यावरून मृत्यूचा दिवस काढू नका. अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या सगळ्याच बायकांची असते. मात्र त्यावरून एवढं नक्की कळतं की पणजी पणजोबांच्या आधी गेली. कोतवाल बुकात कुणाला आधी शोधायचं, ते ठरलं.

सरकारी कागदांपलीकडे तीर्थोपाध्यायांचे चोपडे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पुढे काशी, गया, प्रयाग. तुमच्या गावाचे आणि आडनावाचे उपाध्याय कोण हे तिथे विचारलं की सांगतात. मग ते वही काढतात आणि अमक्या साली तुमचा कोण आला होता, सोबत कोण होतं, घरात कोण कोण होतं, हे वाचून दाखवतात. पुष्कळदा खाली येणाऱ्याची सही किंवा दुसऱ्यानं त्याच्यासाठी लिहिलेलं नाव असतं. या नामावळीत आडनाव असतं, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा की यात्रेला गेला तोच तिथे लिहिला गेला. दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात, हेळवी, म्हणजे घरोघर फिरून वंशावळी सांगणारे लोक, येतात. ठरलेल्या घरांच्या पिढ्या त्यांच्या वह्यांत असतात. मी हेळव्यांच्या वहीतलं आधी खरं धरून चालतो आणि मग कागदाशी ताडून पाहतो. नावं बहुधा बरोबर निघतात, क्रम कधी कधी चुकतो.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती? खरं सांगायचं तर त्यांचं काम कठीण आहे आणि त्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या पलीकडे मी फार वेळा गेलेलो नाही. फेरफार नाही, मग कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर यांवरच भिस्त. महार, रामोशी आणि इतर वतनदार घरांची वतनाची कागदपत्रं असतात. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, पण वतन खालसा होताना आणि जमीन परत देताना नावं लिहिली गेली, ती पाहा. लष्करात कुणी असेल तर सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. उलट घर इनामदाराचं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार गाठा. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशननं प्रत्येक इनामाची चौकशी केली होती, आणि इनाम कुणाकडून कुणाकडे आलं हे दाखवायला लोकांना आपली वंशावळ लिहून द्यावी लागली होती. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्यानं केलेलं तुमचं काम.

अलीकडे २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांनी जुनी कोतवाल बुकं तपासून, स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली आहेत. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे दिसतात. तालुक्याला खेटे घालण्याआधी हे दोन्ही पाहा. पण जिल्ह्याच्या यादीत 'सापडलेल्या नोंदी' म्हणजे फक्त ती एक जात लिहिलेली पानं असू शकतात. तिथे तुमचं नाव नाही म्हणजे बुकात नाही, असं नव्हे.

जातपडताळणीसाठी नोंद हवी असेल तर ती कुठल्या तारखेआधीची लागते ते बघून घ्या: इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. त्यासाठी शिक्क्याची नक्कल हवी. नुसत्या हौसेला फोटो पुरतो. आणि दोन कागदांच्या मधली पायरी निघत नसेल तर ती कोरी सोडा, जोडून टाकू नका. मी पाहिलेल्या खोट्या वंशावळींपैकी बहुतेक कुणी लबाडीनं केलेल्या नव्हत्या, एका रिकाम्या चौकटीची लाज वाटली म्हणून झाल्या होत्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तालुक्याला जाण्याआधी गावाचा इतिहास बघा. सातारा जिल्ह्यातलं गाव औंध किंवा फलटण संस्थानात होतं का? असेल तर १९४८ आधीचे कागद दुसऱ्या दप्तरात असण्याची शक्यता आहे. १९४९ ते १९६० मधल्या कागदावर 'उत्तर सातारा' दिसेल, तो तुमचाच जिल्हा. गाव धरणात उठलं असेल तर जुन्या गावाच्या नावानं मागा. मग भावकीतला सातबारा, त्यावरचा सगळ्यात जुना फेरफार, आणि त्यातल्या मयताचं नाव घेऊन अभिलेख कक्षात कोतवाल बुकासाठी अर्ज. अर्जात 'आमच्या पूर्वजांच्या नोंदी' असं लिहू नका. गाव, नमुना १४ आणि पाच-सहा वर्षांचा पट्टा लिहा. दप्तर बांधलेलं असतं, ते वर्षावार लावलेलं असतं, आणि ते सोडणाऱ्या माणसाला तुमचे पूर्वज माहीत नसतात, वर्ष माहीत असतं. पण हे सगळं पुढच्या आठवड्यात. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याकडे जा, वही घेऊन.